साडेपाच तासांचा घोळ

आज रात्री घरी जाणार नाही, ऑफिसातच हॅकेथॉन आहे, असं आईला फोनवर सांगितलं तर पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाली, "म्हणजे हॅक झालं का काय तुमचं? पोलिसात दिलं का?" कराडला आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या खात्यातून महिन्यापूर्वीच कुणीतरी ओटीपी विचारून पैसे काढले होते. हॅक म्हटलं की तिला तेच आठवणार. मी म्हटलं, "तसं नाही गं. स्पर्धा असते. चोवीस तासांत काहीतरी नवीन, उपयोगाचं बनवून दाखवायचं."

"मग रोज काय बनवता?"

त्यावर "बरं ठेवतो, मीटिंग आहे" एवढंच सुचलं.

मी हिंजवडीत फेज टूला एका प्रॉडक्ट कंपनीत बॅकएंडला, म्हणजे गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या आतल्या कोडवर, आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी आहे. आमचं सॉफ्टवेअर छोटे-मध्यम दुकानदार वापरतात. ऑनलाइन ऑर्डर घ्यायची, पैसे जमा करायचे, बिल काढायचं, पार्सल कुरिअरकडे द्यायचं. बाहेरून एकच वेबसाइट दिसते, पण आत सात वेगवेगळ्या सर्व्हिस आहेत आणि प्रत्येकीची टीम वेगळी. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की त्याची ऑर्डर या सात घरांतून फिरते आणि प्रत्येक घरात तिला वेगळ्या नावाने हाक मारतात. ऑर्डरवाल्यांकडे तिचा एक नंबर, पेमेंटवाल्यांकडे व्यवहाराचा दुसरा, कुरिअरकडे एअरवे बिलाचा तिसरा. सगळं सुरळीत चाललंय तोवर याची कुणाला फिकीर नसते. "पैसे कापले गेले, पण ऑर्डर दिसत नाही" असा फोन आला की मात्र वरात निघते.

फोन घेतात सपोर्टच्या ताई. अकरा वर्षं त्या डेस्कवर आहेत. अख्खा मजला त्यांना ताईच म्हणतो, डायरेक्टरसुद्धा. ताई जिरावर, म्हणजे कामांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरवर, तक्रारीचं तिकीट टाकतात, ते माझ्यासारख्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. मी हातातलं काम सोडून ऑर्डर सर्व्हिसचे लॉग, म्हणजे तिने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदी, ग्रेप करायचे, म्हणजे नंबर टाकून चाळायचे, त्यातून व्यवहाराचा नंबर काढायचा, तो घेऊन पेमेंटच्या लॉगमध्ये शिरायचं, तिथून पुढच्या घरी. सातवं घर होईपर्यंत चाळीस मिनिटं गेलेली असतात. सापडलेल्या ओळी तिकिटावर चिकटवायच्या, मग ताई त्या वाचून गिऱ्हाइकाला फोन करणार. अशी दिवसाला दहा-बारा तिकिटं.

यावर उपाय काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक पान, त्यावर एक चौकट. ऑर्डर नंबर टाकला की सातही घरांतला प्रवास वेळेनुसार एकाखाली एक दिसला पाहिजे. मी तसं जिरावर लिहूनही ठेवलं होतं. त्या तिकिटाला चौदा महिने झाले होते. दर पंधरवड्याला पुढच्या दोन आठवड्यांची कामं ठरवायच्या स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये ते वर यायचं, प्रॉडक्ट मॅनेजर म्हणायचा, "भारी आहे, पण या वेळी नको," आणि ते पुन्हा बॅकलॉगच्या, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी जाऊन बसायचं. त्याचीही बाजू होती. विक्रीवाल्यांनी गिऱ्हाइकांना तारखा देऊन ठेवलेल्या असायच्या आणि आमच्या ताईंचा त्रास कुठल्याच कराराच्या कागदावर नव्हता.

2024च्या जुलैअखेर हॅकेथॉनचा मेल आला. तीन ते पाच जणांची टीम, गुरुवारी सकाळी अकरा ते शुक्रवारी सकाळी अकरा, नंतर तीन मिनिटांचा डेमो. खाली बारीक अक्षरात, जे काही बनवाल ते कंपनीच्या मालकीचं. मी त्याआधी चार वर्षं या भानगडीत पडलो नव्हतो. अगदी पहिल्या वर्षी चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र केलं होतं. ते मला ओळखायचं, आणि माझ्या शेजारच्यालाही मीच समजायचं. तेव्हापासून त्या रात्री घरी झोपलेलं बरं, असं ठरवलं होतं.

या खेपेला भरीस घातलं ते आमच्या नागपूरकराने. "तुझं ते चौदा महिन्यांचं तिकीट आहे ना बे, तेच टाकू. चोवीस तास कोणी 'या स्प्रिंटला नको' म्हणणार नाही." फ्रंटएंडला, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाला, म्हापशाची एक पोरगी तयार झाली. आणि चौथ्या म्हणून आम्ही ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कोडिंग येत नाही रे." मी म्हटलं, "ताई, कोडिंग आम्हाला येतं. काय शोधायचं, ते तुम्हाला येतं."

नावनोंदणीच्या पोर्टलने ताईंचा एम्प्लॉयी आयडी घेतलाच नाही. त्या एजन्सीच्या पगारपत्रकावर आहेत, कंपनीच्या नाही, हे अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं. नाव न नोंदवताच त्या आमच्यात बसल्या.

गुरुवारी सकाळी कॅफेटेरियात उद्घाटन झालं. डायरेक्टरांनी फेसबुकच्या 'लाइक' बटणाची गोष्ट सांगितली. ते बटण म्हणे हॅकेथॉनमधून आलं, उद्या तुमच्यातून कुणीतरी तसलंच काहीतरी करेल. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि जागा पकडायला पळालो, कारण चार्जिंग पॉइंट असलेली टेबलं मोजकीच.

पहिले सहा तास आम्ही कोडची एक ओळ लिहिली नाही. ताईंनी आपली वही आणली होती, चांगली जाडजूड लाँग बुक, कव्हरला ब्राउन पेपर. अकरा वर्षांत डेव्हलपर लोकांनी तिकिटांवर जे जे चिकटवलं, त्यातून जे उमगलं ते त्यांनी निळ्या पेनने लिहून ठेवलं होतं. कुठल्या अक्षरांनी सुरू होणारा नंबर कुठल्या सर्व्हिसचा. कुरिअरच्या लॉगमध्ये 'परत' असं दिसलं तर पार्सल खरंच परत आलंय की नुसतं गोदाम बदललंय. बिलाची सर्व्हिस रविवारी रात्री कधी बंद असते. आमच्या कॉन्फ्लुएन्सवर, म्हणजे कंपनीची माहिती लिहून ठेवायच्या साइटवर, यातलं एक अक्षर नव्हतं, आणि जे होतं ते जुनं झालेलं. नागपूरकर पानं उलटत राहिला आणि हळूच म्हणाला, "हे डॉक्युमेंटेशन आहे बे. खरंखुरं."

वहीवरून आम्ही नंबरांचा नकाशा केला. कुठल्या घरातला नंबर पुढच्या घराला कसा जोडायचा, ते ठरवलं. संध्याकाळी सात वाजता ताईंची कॅब. घरी सासूबाईंना औषधं द्यायची असतात, मुलगा दहावीला. वही ड्रॉवरमध्ये ठेवून, कुलूप लावून त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, "काही अडलं तर फोन करा, पण दहानंतर नको."

रात्रीचं ऑफिस वेगळंच असतं. एसी अर्ध्या मजल्याचा बंद केलेला, काचेबाहेर पाऊस, खाली रस्त्यावर अर्धवट बांधलेल्या मेट्रोचे खांब. दिवसा ज्या चौकात गाडी मुंगीसारखी सरकते तिथे चिटपाखरू नव्हतं. पिझ्झा नऊ वाजताच संपला होता. बारानंतर सिक्युरिटीवाल्या काकांनी आपल्या इलेक्ट्रिक किटलीतला चहा आम्हाला दिला, तो मी अजून विसरलो नाही. शेजारच्या टेबलावर चार पोरं एक चॅटबॉट बनवत होती, त्यांच्यात कुणीतरी गिटार आणली होती. इथे एक कबूल केलं पाहिजे, मला मजा येत होती. एरवी पेमेंटच्या टीमशी माझा संबंध फक्त तिकिटापुरता आणि तोही चढ्या आवाजात. त्या रात्री पेमेंटवाला एक जण आपण होऊन आमच्या टेबलाशी येऊन बसला आणि त्यांच्या लॉगची रचना त्याने कागदावर काढून दिली. आठ महिने मेलवरून जे झालं नव्हतं ते वीस मिनिटांत झालं.

एकच्या सुमाराला पान चालू झालं. नंबर टाकला, एंटर मारलं, सात घरांच्या ओळी एकाखाली एक. आम्ही उठून टाळ्या दिल्या. पहिलीच ऑर्डर पाहिली तर पार्सल आधी पोहोचलं होतं आणि पैसे नंतर. ती कॅश ऑन डिलिव्हरीची होती, म्हणजे तसंच असायला हवं. छान. दुसरी पाहिली. ही कार्डाने आगाऊ पैसे भरलेली. स्क्रीनवर असं दिसत होतं:

10:05 ऑर्डर नोंदवली
10:07 बिल तयार
14:20 कुरिअरने पार्सल उचललं
15:36 पैसे जमा

आगाऊ पैशांच्या ऑर्डरीत पैसे जमा झाल्याशिवाय बिल निघूच शकत नाही, तो नियम माझ्याच हातचा आहे. म्हणजे आमचंच कुठेतरी चुकत होतं. नागपूरकराने ठरवलं, सॉर्टिंग चुकतंय. त्याने ते काढून पुन्हा लिहिलं. तेच उत्तर. मी ठरवलं, दोन वेगळ्या ऑर्डरींचे व्यवहार एकमेकांत अडकताहेत. नंबरांचा नकाशा पुन्हा तपासला. बरोबर होता. आणखी दहा ऑर्डरी काढल्या. त्यातल्या निम्म्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या, त्या सगळ्या शहाण्यासारख्या दिसत होत्या आणि आमची दिशाभूल करत होत्या. उरलेल्यांत पैसे कधी पाच तास एकतीस मिनिटांनी, कधी पाच तास चौतीस, एका ठिकाणी पाच तास सत्तेचाळीस. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा, म्हणून तो आम्हाला आकडा वाटलाच नाही. चार वाजेपर्यंत नागपूरकर तिसऱ्यांदा सॉर्टिंग लिहीत होता आणि म्हापशाची पोरगी खुर्चीवर पाय घेऊन झोपली होती.

दिवसाउजेडी कुठल्याही भारतीय प्रोग्रामरला हे दोन मिनिटांत कळलं असतं. पहाटे चारला आम्हा तिघांच्या पंचवीसेक वर्षांच्या एकत्रित अनुभवाला कळलं नाही.

पावणेसातला ताईंचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "झालं का?" मी स्क्रीनचा फोटो पाठवला. लगेच फोन. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"अरे, हे पार्सल उधारीवर दिलं का?"

"तेच तर कळत नाहीये ताई."

"पेमेंटची वेळ आहे तशीच घ्यायची असते. बाकी सगळ्यांच्यात साडेपाच तास मिळवायचे. वहीत लिहिलंय, शेवटून तिसरं पान. किल्ली स्टेपलरच्या डब्यात आहे."

सहा सर्व्हिस यूटीसीमध्ये, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, वेळ लिहितात. पेमेंटची सर्व्हिस कंपनीतली सगळ्यात जुनी, तिचा सर्व्हर सुरुवातीपासून भारतीय वेळेवर लावलेला, आणि लॉगमध्ये वेळेपुढे कुठला टाइमझोन तेही लिहिलेलं नाही. आम्ही सरसकट सगळ्यांत साडेपाच तास मिळवत होतो. वरची जादाची मिनिटं म्हणजे गिऱ्हाइकाला ओटीपी शोधायला लागलेला वेळ. सत्तेचाळीसवाल्याने बहुतेक मधेच चहा घेतला असेल. मी जाऊन ड्रॉवर उघडला. शेवटून तिसरं पान, निळ्या पेनने लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. रात्रभर ती वही आमच्यापासून चाळीस पावलांवर होती.

सव्वासातला मी कोडमध्ये एक ओळ घातली. सर्व्हिस पेमेंटची असेल तर आधी 330 मिनिटं वजा कर. तिच्यावर शेरा लिहिला, 'तात्पुरतं'.

डेमोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमचा डेमो एकाच ऑर्डरीवर चालत होता, कारण तेवढी एकच आम्ही नीट तपासून ठेवली होती. हे सगळेच करतात आणि सगळ्यांनाच माहीत असतं. चॅटबॉटवाल्यांनी तर प्रत्यक्ष न चालवता आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला, पण मागे गिटार वाजत होती. आमच्या वेळी परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "याने रेव्हेन्यू किती वाढेल?" मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून ताई म्हणाल्या, "सर, मी दिवसाला पस्तीसेक तिकिटं सोडवते. त्यातल्या दहा-बारांसाठी या पोरांची वाट बघत बसते, आणि गिऱ्हाईक माझी." खोलीत जरा शांतता झाली. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, पहिलं चॅटबॉटला.

बक्षीस म्हणजे ब्लूटूथ स्पीकर. पोर्टलवर नावं तीन, म्हणून स्पीकर तीनच. आम्ही एचआरकडे गेलो, त्यांनी पॉलिसी दाखवली. मला खूप राग आला. ताईंना आला नाही, किंवा त्यांनी दाखवला नाही. म्हणाल्या, "स्पीकर तुम्हालाच राहू द्या. मला त्या पानाचं लॉगिन द्या."

ही मागणी पुरी व्हायला फेब्रुवारी उजाडला.

सोमवारपासून आम्ही पुन्हा आपापल्या स्प्रिंटमध्ये. टूलसाठी सर्व्हर मागायचा तर त्याला कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च ज्याच्या नावावर टाकायचा तो विभाग, लागतो, आणि हॅकेथॉनच्या पोराला बाप कोण हेच ठरलेलं नव्हतं. शेवटी नागपूरकराने ते आपल्याच लॅपटॉपवर चालू ठेवलं आणि सपोर्टवाल्यांना पत्ता दिला. ताई खूश, तिकिटं घटली, सगळं झकास चाललं होतं. मग तो दिवाळीला नागपूरला गेला, लॅपटॉप घेऊन. सोमवारी सपोर्टकडून तक्रार आली की टूल बंद आहे. ती तक्रार नेमकी सिक्युरिटी टीमकडे गेली, आणि त्यांनी विचारलं, कुठलं टूल?

सिक्युरिटीवाल्यांना शिव्या देणं आमच्याकडे राष्ट्रीय खेळ आहे, पण यात ते शंभर टक्के बरोबर होते. आमच्या पानावर हजारो गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर आणि घरचे पत्ते उघडे दिसत होते, तेही एका माणसाच्या लॅपटॉपवर, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या बर्थखाली ठेवलेल्या बॅगेत. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा 2023 सालीच झाला होता. त्यात सुरक्षेच्या हलगर्जीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सिक्युरिटीच्या बाईंनी मला तो आकडा शांतपणे वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "तुमचं टूल चांगलंय. पण चोवीस तासांत तुम्ही ते बनवलंत, सुरक्षित केलं नाहीत."

मग लागली यादी. मोबाइल नंबर मधले आकडे झाकून लॉगमध्ये लिहायचे, म्हणजे सातही टीमना आपापला कोड बदलावा लागणार. कोणी काय पाहिलं याची नोंद ठेवायची. एजन्सीच्या माणसांना कुठल्या अटीवर प्रवेश द्यायचा ते ठरवायचं. रात्री दोनला टूल पडलं तर उठून कोण बघणार, तेही. सात टीमच्या सात बॅकलॉगमध्ये सात तिकिटं गेली आणि प्रत्येक ठिकाणी मला तेच ऐकू आलं, "भारी आहे, पण या स्प्रिंटला नको."

एका रात्री वैतागून मी त्या लाइक बटणाबद्दल शोधत बसलो. गोष्ट खरी आहे, पण उद्घाटनाच्या भाषणात ती अर्धीच सांगतात. 2007 मध्ये फेसबुकवाल्यांनी ते 'ऑसम' बटण म्हणून हॅकेथॉनमध्ये केलं, लोकांना आवडलंही. प्रत्यक्ष बाहेर आलं ते 2009च्या फेब्रुवारीत. मधली दीड वर्षाहून जास्त मुदत ते वरिष्ठांच्या बैठकांमध्ये अडत आणि परत येत होतं. खरं काम त्या दीड वर्षात झालं, पण त्याचे फोटो कुणी काढत नाही.

त्याच शोधात कळलं की हॅकेथॉन हा शब्दच मुळात स्पर्धेचा नाही. 4 जून 1999 रोजी कॅनडात कॅल्गरीला ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा डेव्हलपर एकत्र जमले. क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे माहिती सांकेतिक करायच्या, सॉफ्टवेअरवर तेव्हा अमेरिकेचे निर्यात निर्बंध होते. ते काम अमेरिकेत बसून करणं कायद्याच्या कचाट्यात सापडलं असतं, म्हणून सीमेपलीकडे भेटायचं. परीक्षक नाहीत, स्पीकर नाहीत. रोजचंच काम, फक्त एका खोलीत बसून. स्पर्धेच्या वळणाचा प्रकार त्याच महिन्यात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या जावावन परिषदेत झाला. तिथे जॉन गेज यांनी जमलेल्यांना पाम व्ही या हातातल्या यंत्रासाठी जावा या भाषेत प्रोग्राम लिहायचं आव्हान दिलं होतं. दोन्हींना नाव एकच पडलं. कंपन्यांनी दुसऱ्याची रीत उचलली आणि पहिल्याचं फळ मागत बसल्या, असं माझं आपलं मत. ऑस्ट्रेलियाची अ‍ॅटलासियन ही सॉफ्टवेअर कंपनी निदान प्रामाणिक होती. त्यांनी आपल्या चोवीस तासांच्या उपक्रमाचं नाव सुरुवातीला चक्क फेडेक्स या कुरिअर कंपनीवरून 'फेडेक्स डे' ठेवलं होतं, कारण माल रातोरात पोहोचला पाहिजे.

आमचं गाडं हललं ते एका अपघाताने. डिसेंबरमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या सेलच्या दिवशी तीनशेच्या वर तक्रारी आल्या. अर्धी डेव्हलपमेंट टीम दोन दिवस नुसती लॉग ग्रेप करत बसली. तिसऱ्या दिवशी प्रॉडक्ट मॅनेजर स्वतः माझ्या टेबलाशी आला, "ते तुझं हॅकेथॉनचं पान कुठंय?" जानेवारीत दोन माणसं, पाच आठवडे मिळाले. हॅकेथॉनमधला कोड आम्ही जवळजवळ सगळा फेकून दिला. राहिला तो नंबरांचा नकाशा, म्हणजे ताईंची वही, आणि ती 330 वाली ओळ. ती ओळ काढायची तर पेमेंटवाल्यांनी आपले लॉग यूटीसीत आणायला हवे होते. त्यांनी तिकीट घेतलं आणि बॅकलॉगला टाकलं. आम्ही शेरा तसाच ठेवला, 'तात्पुरतं'.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी ताईंना लॉगिन मिळालं. पहिल्यांदा पासवर्ड टाकताना त्यांनी चष्मा पुसला. मग एका ऑर्डरीचा नंबर टाकला, चार सेकंदांत पान भरलं. त्या गिऱ्हाइकाला फोन लावून म्हणाल्या, "हो, दिसतंय मला. मला स्वतःला दिसतंय."

2025च्या हॅकेथॉनच्या वेळी मी इतकी कुरकुर केली, की मला आयोजन समितीतच घेतलं. तोंड बंद करायची ही जुनी युक्ती. तिथे मी तीन गोष्टींसाठी भांडलो. रात्र नको, कामाच्या वेळेतच दोन दिवस, दहा ते सहा. तळेगावहून, सासवडहून येणारे आणि ज्यांना सातची कॅब गाठावी लागते ते सगळे यात आले पाहिजेत. एजन्सीवरच्या लोकांची नावं पोर्टलने घेतली पाहिजेत. यासाठी एचआरशी दोन आठवडे मेलामेली झाली. आणि फॉर्मवर एक प्रश्न, 'सोमवारी हे कोण सांभाळणार?'

पोरांनी नाकं मुरडली. "रात्रीशिवाय कसला हॅकेथॉन, ही तर कार्यशाळा झाली," असं एक जण तोंडावर म्हणाला. त्याचं अगदीच खोटं नाही. काकांचा किटलीतला चहा काही दुपारी चारला मिळत नाही. नावं मात्र जवळपास दुप्पट आली. सोमवारच्या प्रश्नाने चॅटबॉट कमी झाले आणि कंटाळवाणी कामं वाढली. कुणी तासभर चालणाऱ्या टेस्ट वीस मिनिटांवर आणल्या, कुणी वर्षानुवर्षं न वापरलेले सर्व्हर शोधून बंद केले. डायरेक्टरांना डेमो फारसे आवडले नाहीत. "यात वाव फॅक्टर नाही," म्हणाले. मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी समितीत असेन की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. "आजपण रात्रभर का?" म्हटलं, नाही, सहाला सुटलो. "मग काय बनवलंत?" म्हटलं, या वेळी काही बनवलं नाही, साफसफाई केली. "हां," ती म्हणाली, "ते बरं केलंत."

पेमेंटच्या टीमनेही भाग घेतला होता. दोन दिवस बसून त्यांनी आपले सगळे लॉग यूटीसीमध्ये आणले. महिनोन्महिने पडून असलेलं तिकीट शुक्रवारी संध्याकाळी बंद केलं आणि खुशीत केक कापला. आम्हाला कळवायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी मी चांदणी चौकाच्या पुढे रांगेत अडकलो होतो, तेव्हा ताईंचा फोन आला.

"आज लोक पहाटे 4:36ला पैसे भरतायत आणि ऑर्डर दहा वाजता देतायत. ते तुमचे साडेपाच तास आता काढून टाका. वही मी दुरुस्त केलीय."